पन्नासची लेन्स आणि भिंतीवरची माणसं

आमच्या फोटोच्या धंद्यात नवीन माणूस भेटला की नावगाव विचारायच्या आधी लेन्स विचारतात. रोजची कुठली? म्हणजे सकाळी कॅमेऱ्याला लावली आणि दिवसभर काढावीशी वाटली नाही, अशी कुठली. कुणी पस्तीसची सांगतं, कुणी चोवीस-सत्तरची झूम सांगतं आणि वर किती वजन उचलतो तेही सांगतं. मी पन्नासची सांगते. का, म्हणून विचारलं तर सवय म्हणते आणि विषय बदलते. खरं कारण सांगायचं तर बोनकोड्यातल्या एका भिंतीपासून सुरुवात करावी लागते, आणि लग्नाच्या हॉलवर तेवढा वेळ कुणाला नसतो. इथे आहे, म्हणून लिहिते.

मी आठवीनंतर शाळा सोडली. सोडली म्हणजे, नववीचा वर्ग तालुक्याला होता, जतला, आणि तिकडे जाणारी सकाळची एसटी बंद झाली. पुढे ती एसटी पुन्हा सुरू झाली असं ऐकलं, पण तेव्हा मी बोनकोड्यात ताईच्या घरी होते. ताईला दिवस गेले होते आणि हाताखाली कुणीतरी हवं होतं, म्हणून मला पाठवलं होतं. बाळ झालं, बारसं झालं, बाळ रांगायला लागलं, तरी मी परत कधी जायचं हे कुणी बोललं नाही. मीही काढलं नाही. दाजींनी "मंगे, आता..." असं वाक्य सुरू केलं की मी हातातलं काम सोडून उभी राहायचे. आता पुढे "गावाला जा" येणार. बहुतेक वेळा "चहा टाक" यायचं. पण मी उभी राहायचे ती राहायचेच. मी कमी जेवायचे, ताट स्वतः धुवायचे, दुसऱ्याचंही धुवायचे, आणि कुणी काही दिलं की इतक्या वेळा बरं झालं म्हणायचे की ताई एकदा वैतागून म्हणाली, "अगं, पाणीच दिलंय."

दाजींचा फोटो स्टुडिओ होता. पुढे शटरचं दुकान, मागे एक खोली, तिच्या एका कोपऱ्यात सैपाकघर, असं एकूण घर. घर बोनकोडे गावात होतं, पण पत्ता विचारला तर दाजी कोपरखैरणे सांगायचे आणि गिऱ्हाईक कोपरखैरण्याचंच असेल तर वाशीजवळ म्हणायचे. चारी बाजूंनी सेक्टर वाढले होते आणि मध्ये हे गाव आपल्या गल्ल्यांसकट तसंच राहिलं होतं. सकाळी सगळ्यात आधी शेजारच्या शटरचा आवाज, मग पाण्याची मोटार, मग वरच्या मजल्यावर घरमालकिणीचा खोकला, मग तिच्या बांगड्या. त्यानंतर वास. आमच्याकडे दुष्काळी भागात मासा हा चित्रातला प्राणी होता. इथे गच्चीवर सुकट वाळत घातलेली असायची आणि दुपारी ऊन तापलं की तो वास जिन्यावरून उतरून आमच्या भाकरीवर येऊन बसायचा. पहिले काही आठवडे मी ओढणी नाकाला लावून जेवले. पुढे त्याच सुकटीच्या कालवणासाठी वाटी घेऊन जिन्यात उभी राहायला लागले. आता खारघरच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी सुकट भाजते तेव्हा सोसायटीतले लोक खिडक्या लावून घेतात. मी त्यांना काही म्हणत नाही. मीही त्यातून गेले आहे.

दाजींकडे एक कॅमेरा आणि तीन लेन्स होत्या. खाडीची हवा ओली, काचेला बुरशी धरते, म्हणून लेन्स स्टीलच्या डब्यात, आणि डब्यात चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या. डबा सैपाकघराच्या फळीवर डाळींच्या रांगेतच. तुरीची डाळ, मूग, लेन्स, शेंगदाणे. ताईने एकदा घाईत लेन्सचा डबा काढून कुकरजवळ ठेवला होता, त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. तीनपैकी अठरा-पंचावन्नची छोटी झूम कॅमेऱ्याबरोबरच आली होती, म्हणून तिच्याबद्दल ते जरा तुटक बोलायचे, पण निम्मी कामं तिच्यावरच व्हायची. सत्तर-तीनशेची लांब झूम लग्नात मंडपाच्या मागच्या टोकाला उभं राहून स्टेज गाठायला. आणि तिसरी पन्नासची. तिला पुढे-मागे काही होत नाही. जे दिसतं ते तेवढंच दिसतं, जास्त हवं असेल तर आपण मागे सरकायचं आणि जवळचं हवं असेल तर आपण पुढे जायचं. दाजींना ती आवडायची नाही. "ही लेन्स नव्हं, ड्यूटी हाय," म्हणायचे. ती त्यांनी खारघरच्या सावंतांकडून घेतली होती, अंधाऱ्या खोलीत बरी पडते म्हणून.

हे सावंत एका कॉलेजात चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी प्रिंट घ्यायच्या निमित्ताने येऊन बसायचे. ते कट्टर प्राइमवाले, म्हणजे पन्नाससारख्या, झूम न होणाऱ्या लेन्सचे. "झूम म्हणजे काय, माहिती आहे का मंगल? पायांचा आळस." दाजी लगेच, "सावंत सर, स्टेजवर नवरीच्या मामाला ढकलून पुढं कोण जाणार? तुम्ही याल का?" सावंत म्हणायचे, त्या मामालाही फ्रेममध्ये घ्यायचं, तो खरा फोटो. दाजी म्हणायचे, मामाच्या फोटोचं काम सांगितलेलं नाही. आतून ताई ओरडायची, "भांडा, पर कप रिकामे करा आधी, मला भांडी घासायचीत." हा वाद मी तेव्हापासून ऐकत आले आहे आणि अजूनही ऐकते. आता माझ्याबरोबर काम करणारी पोरं करतात, मोबाईलमध्ये तीन-तीन लेन्स आल्या तरी करतात. यात कुणी कुणाचं कधी ऐकलेलं मी पाहिलं नाही.

लहान कामं दाजींनी हळूहळू माझ्यावर सोडली. पासपोर्ट फोटो, ओळखपत्राचे फोटो, शाळेच्या पोरांचे फोटो. लेन्स मला पन्नासचीच दिली, कारण ती सगळ्यात हलकी आणि पडली तर दुःख कमी. पण पन्नासने माणूस, पुढे कापायला जागा ठेवून, कमरेपर्यंत बसवायचा तर मला दुकानातून मागे सरकत सरकत आतल्या खोलीत आणि तिथून सैपाकघराच्या दारापर्यंत जावं लागायचं. त्या भागातल्या कितीतरी लोकांचे पासपोर्ट फोटो माझी पाठ आमच्या सैपाकघराच्या दाराला टेकवून निघालेले आहेत. तेवढा वेळ ताई आत कोंडलेली. फोडणी तडतडत असली तर गिऱ्हाईक ठसकायचं, आणि मी ठसका थांबायची वाट बघायचे. दुबईला गेलेली काही माणसं मिरचीच्या ठसक्यानंतरच्या ओल्या डोळ्यांनी गेली आहेत.

घरमालकीण हौसाबाय. गावची जुनी आगरी बाई, सत्तरीच्या पुढची, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, कपाळावर गोंदण. तिची शेतं नव्या शहरात गेली होती, मुलं रेती-सिमेंटच्या धंद्यात होती, घरात सगळं होतं, तरी तिला बसून राहता यायचं नाही. दुपारी सुकट राखून झाली की ती आमच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायची. गिऱ्हाईक आलं की उठायची, पण जायची नाही. बाजूला उभी राहून सूचना द्यायची. "हनुवटी वर कर रं, पोलीस बघनार हाय." मला रोज विचारायची, "जेवलीस काय गो?" मी हो म्हटलं की माझ्या पोटाकडे बघायची आणि वाटी आणायला वर जायची. तिची एक सवय होती. काहीही सांगून झालं की ती बोलायची थांबायची, मान थोडी तिरकी करायची आणि समोरच्याकडे बघत राहायची. समजलं का तुला, असं. समोरचा हो म्हणेपर्यंत ती नजर हलायची नाही. सिमेंटचे ट्रक चालवणारे तिचे थोरले चिरंजीव रमाकांतशेठसुद्धा त्या नजरेखाली हो म्हणायचे.

त्या वर्षी तिची धाकटी जाऊ, पारूबाय, वारली. दोघी एकाच मांडवात सुना होऊन आल्या होत्या. पारूबाय गेली तेव्हा घरात शोधाशोध झाली आणि तिचा एकटीचा एकही फोटो निघाला नाही. मग दाजींनी काढलेल्या एका लग्नातला सगळ्या कुटुंबाचा फोटो सापडला, त्यातून तिला कापून मोठी करायची ठरलं. आता हे काम आमच्याकडे नेहमी येतं, आजही येतं, आणि दर वेळी तीच गोष्ट निघते. मोठं कुटुंब चौकटीत बसवायचं म्हणजे छोटी झूम पूर्ण मागे घ्यायची, अठरावर. तिथे अख्खं गाव मावतं, पण टोकाची माणसं बाजूला ओढली जातात. मधले नवरा-नवरी छान, टोकाची काकू आडवी. आणि टोकाला कोण उभं राहतं हे कुठल्याही लग्नात बघा. विधवा बाया, जेवणावळीकडे लक्ष असलेल्या बाया, ज्यांना हाका मारून आणावं लागतं त्या बाया. एकटीचा फोटो नसणाऱ्या बायाही त्याच. पारूबाय पंगत सोडून धावत आली होती आणि डाव्या टोकाला उभी होती.

वाशीच्या लॅबमधून फोटो मोठा होऊन आला. हार घातला, भिंतीवर लावला. हौसाबाय जेवायला बसायची त्याच्या बरोबर समोर. दोन-तीन दिवसांनी ती दुकानात आली आणि दाजींना म्हणाली, "ती पारू नाय."

दाजी म्हणाले, "आजी, तुमच्याच घरच्या लग्नातला फोटो हाय. त्याच हायत."

"पारूचं तोंड सुपारीवानी होतं. ह्ये पपईवानी कसं झालं? कोनी वढलं तिला?"

दाजींनी लेन्सचं समजावून सांगितलं. हाताने दाखवलं, काच अशी, कडेला अशी. हौसाबाय सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे तुमी वढलं." मग स्टुलावर बसली. "आता नातवांची पोरा येतील, ती हिला पपईच समजनार. पारू कशी होती ती मना म्हाईत. मी गेली का कोनाला म्हाईत?" मग तिने पुढचं सांगितलं. "माझा फोटू काढायचा हाय. भिंतीवरला. आताच. मी मेली का तुमी मना बी लग्नातनं कापनार. मी बी टोकालाच हाय सगल्या फोटूंत."

दाजींना हे अवघड वाटलं, पण घरमालकीण होती. बाळ कडेवर घेऊन ताई दारात येऊन उभी राहिली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, की गप्प बस.  दाजींनी हौसाबायला स्टुलावर बसवलं आणि हाताला आधी सापडली ती छोटी झूम लावून जवळून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तिला दाखवला. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "नाक आधी आयलं," ती म्हणाली. खरंच, नाक पुढे आणि बाकीची हौसाबाय मागून येत होती. मग दाजी म्हणाले, वर गच्चीवर चला, उजेडात काढू. तिथे त्यांनी सत्तर-तीनशे लावली आणि गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. हौसाबाय दुसऱ्या टोकाला खुर्चीत, हात मांडीवर, एकदम ताठ. "एवरा लांब कशाला गेलास?" ती ओरडली. "मी काय चावतंय?" दाजी ओरडले, "हसा आजी!" ती ओरडली, "काय?" फोटो स्वच्छ आला. नाक जागेवर होतं, कानही जागेवर होते, सगळं जागेवर होतं. हौसाबायने पाहिलं आणि म्हणाली, "ही रेशन कार्डातली बाई हाय. हिला कोन घरात घेईल?"

दाजींना घाम आला होता. त्यांना एका साखरपुड्याला जायचं होतं. ते म्हणाले, "आजी, उद्या बघू." हौसाबाय म्हणाली, "तू जा. ही काढंल." ही म्हणजे मी. दाजींनी माझ्याकडे बघितलं, मग लांब झूम काढून पिशवीत घातली, दुसऱ्या कुणाचा तरी मागून आणलेला कॅमेरा खांद्याला लावला आणि जाताना एवढंच म्हणाले, "मंगे, बिघडवू नको हं, खोली त्यांची हाय."

हे वाक्य डोक्यात घेऊन कुणीही चांगला फोटो काढू शकत नाही. मी पन्नासची लावली आणि तिच्यासमोर उभी राहिले, आणि बटण न दाबताच खाली बसले. हौसाबायला वाटलं मी कामाला बसले. ती खुर्चीवरून उतरून समोर बसली, सुकट पाखडायचं सूप पुढे ओढून निवडायला लागली, आणि माझ्याकडेही थोडी सरकवली. मी कॅमेरा मांडीवर ठेवून कचरा काढायला लागले. ती पारूबायचं सांगायला लागली. दोघी मिठागरावर जायच्या तेव्हा पारू डोक्यावर दोन टोपल्या घ्यायची आणि हिची थट्टा करायची. भरतीचं पाणी कधी येणार ते पारूला वासावरून कळायचं. जवळा कसा भाजायचा, तेल आधी नाही, तेल नंतर, हे हिला सासूने नाही, पारूने शिकवलं. "तेल मागनं घालाचं. आधी घातला का संपला," ती म्हणाली, आणि थांबली. मान तिरकी झाली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी कॅमेरा उचलला. पन्नासच्या लेन्सने खांद्यापर्यंत माणूस घ्यायला जेवढं अंतर लागतं, तेवढ्याच अंतरावर आम्ही बसलो होतो. समोरासमोर सुकट निवडणाऱ्या दोन बाया बसतात तेवढं. मला कुठे सरकावंच लागलं नाही. मी बटण दाबलं आणि मग हो म्हटलं.

तिने फोटो पाहिला. खूप वेळ पाहिला. मग डोक्यावरचा पदर नीट केला, फोटोतला पदर सुटला होता म्हणून. "ही मी हाय," ती म्हणाली. "ह्यो मोठा कर."

सावंतांना मी पुढे हे सांगितलं तेव्हा ते लेन्सचा विजय झाला म्हणून खूश झाले. मला तसं वाटत नाही. मागे वळून बघताना वाटतं, प्रत्येक माणसाला त्याचे घरचे ठरावीक अंतरावरून बघत आलेले असतात, आणि त्या अंतरावर तो जसा दिसतो तसाच तो त्यांना हवा असतो. हौसाबायला घरचे लोक गच्चीच्या दुसऱ्या टोकावरून बघत नव्हते आणि नाकाला नाक लावूनही बघत नव्हते. पन्नासची लेन्स त्या अंतरावर बसते, एवढंच तिचं कौतुक.

फोटो फ्रेम होऊन आला आणि हौसाबायने तो भिंतीवर लावून घेतला. पारूबायच्या शेजारी. लावून ती समोर जेवायला बसली, दोघींकडे बघत. संध्याकाळी रमाकांतशेठ साईटवरून आले, चपला काढल्या, आत गेले आणि भिंतीकडे बघून आपोआप "हो" म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाला हो म्हणालो, आणि ते तसेच अनवाणी खाली आमच्या दुकानात आले.

"अहो, हे काय लफडं आहे?" त्यांनी दाजींना विचारलं. "आई जिवंत आहे, वर जेवतेय, आणि तुमी तिला भिंतीवर टांगली?"

दाजी म्हणाले, "शेठ, आजींनीच सांगितलं."

"आई काय पण सांगेल! तुमाला अक्कल नको? त्या भिंतीवर आमचे सगळे गेलेले आहेत. आजा, आजी, बाप, पारूकाकी. सगळे हारवाले. त्यांच्या लाईनीत आईला लावली तुमी. गावात काय इज्जत राहील माझी?" मग ते माझ्याकडे वळले. "हिनं काढला ना?" मी मान हलवली. "फोटो चांगला आहे," ते म्हणाले, "पण काढायला नको होता." आणि जाता जाता, शटर हाताने पकडून, "महिनाअखेर खोली खाली करा. टेन्शन नको मला. मित्राच्या मुलाला मोबाईलचं दुकान टाकायचंच आहे."

 ताई आत गेली आणि फळीवरचे डबे पुसायला लागली, जे स्वच्छच होते. बाळाला मी घेतलं. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. खोली गेली की दाजींना दुसरी लहान खोली घ्यावी लागेल, लहान खोलीत तीन माणसं मावतील, चार नाही. या वेळी नक्की वाटलं, आता "मंगे, आता" पूर्ण होणार. दाजी म्हणाले, "मंगे, आता..." आणि थांबले. मी बाळ घट्ट धरलं. "आता वर जा आन् आजींना म्हण, फोटो उतरवा. अल्बमात घालू. तुझं ऐकतील."

मी वर गेले. तिथे आधीच वाद चालू होता. दुपारी पैसे न्यायला आलेल्या दूधवाल्याने भिंत पाहिली होती, आणि हौसाबाय दिसायच्या आधीच दारात हात जोडून उभा राहिला होता. हौसाबायनेच त्याचं सांत्वन स्वीकारलं, त्याला बसवलं आणि चहा दिला. तो कप अर्धा टाकून पळाला. आता सून हे सांगून हसत होती, आणि रमाकांतशेठ हसत नव्हते. मी दाजींचा निरोप दिला. हौसाबाय म्हणाली, "उतरवलान का मेल्यावर कोन टांगनार? तुमाला त्यो सापडनार बी नाय. मंग लग्नातनं कापाल."

"आई, जिवंत माणसाचा तिथे लावत नाय," रमाकांतशेठ म्हणाले.

"मंग सगल्यांचा लावा," हौसाबाय म्हणाली. "भिंतीवर मेलेलीच हायत म्हनून लोका घाबरतात. जितीपन लावा. मंग दूधवाला कोना-कोनाला हात जोडंल?" आणि मान तिरकी करून बघत राहिली, मुलाकडे, सुनेकडे, आणि शेवटी माझ्याकडे. या वेळी कुणीच हो म्हटलं नाही. म्हणून ती बघतच राहिली, आणि मग सून म्हणाली, "हो आई."

पुढच्या रविवारी गच्चीवर एक स्टूल मांडलं. मी समोर सुकटीच्या पोत्यावर बसले, पन्नासची लावून, आणि एकेकाला बोलावलं. हौसाबाय माझ्या बाजूला बसून प्रत्येकाशी काहीतरी बोलायची, कारण तिच्या मते गप्प बसलेल्या माणसाचा फोटो काढणं म्हणजे त्याला पारूच्या रांगेत बसवणं. धाकट्या सुनेला तिने माहेरच्या कोलंबीचं विचारलं, नातवाला परीक्षेचं विचारलं आणि त्याचं तोंड पडलं तेच भिंतीवर गेलं. रमाकांतशेठ येणारच नव्हते. आले ते सोन्याची साखळी बाहेर काढून आणि म्हणाले, माझा फोटो खाली गाडीजवळ काढ, गाडीसकट, लांबून. हौसाबाय म्हणाली, "गाडीला हार नाय घालनार कोनी. तोंड पायजे." ते बसले. त्यांना तिने विचारलं, लहान असताना मिठागरात पडला होता ते आठवतं का. ते लाजले. लाजलेले रमाकांतशेठ मी त्याच दिवशी पाहिले, आणि त्या गावात बऱ्याच जणांनी ते फक्त भिंतीवरच पाहिले.

भिंत भरली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन बाया आल्या, त्यांनाही एकटीचा फोटो पाहिजे होता, समोर बसून काढलेला. मग त्यांच्या नणंदा आल्या, मग घणसोलीहून कुणी. दाजींनी हे काम माझ्याकडेच ठेवलं, कारण बाया त्यांच्यासमोर ताठ व्हायच्या. पण खोलीचं तसंच होतं. रमाकांतशेठ बोलले की बोलले. भिंतीचं मान्य, खोलीचं नाही. मित्राला शब्द दिला होता. ताईने भांडी गोणपाटात बांधायला घेतली होती आणि दाजी ऐरोलीत एक गाळा बघून आले होते. तो फारच लहान होता असं ते ताईला म्हणाले, मला नाही.

महिनाअखेरीला हौसाबायने आम्हाला सगळ्यांना वर बोलावलं. ताईला बाळासकट बसवलं आणि मला काढायला लावलं. मग दाजींना. मग तिने माझ्याकडे हात केला. "इकडं दे त्यो यंत्र."

मी म्हटलं, "आजी, दाजी काढतील माझा."

"त्यो लांब जातो," हौसाबाय म्हणाली. "दे."

मी तिच्या गळ्यात पट्टा घातला, बटण दाखवलं आणि समोर बसले. ती कॅमेऱ्यातून बघत होती आणि काही बोलत नव्हती, म्हणून मीच बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. गावाकडचं असावं. एसटीचं असावं. मध्येच खटकन आवाज झाला आणि तिने कॅमेरा परत दिला, जसं काही ती हे रोज करते.

तिन्ही फोटो तिने फ्रेम करून आणले आणि स्वतः खुर्चीवर उभं राहून त्यांच्या घरच्या माणसांच्या मध्ये लावले. आमचा एकही टोकाला नव्हता. रमाकांतशेठ आले, त्यांनी पाहिलं. "आई, ही भाडेकरू आहेत," ते म्हणाले.

"हायत ना," हौसाबाय म्हणाली. "भिंतीवरल्या मानसाला घराभाईर कोन काढतं? तू काढ. मंग लोका इचारतील, ह्ये कोन गेलं? काय सांगशील?"

रमाकांतशेठ भिंतीजवळ गेले आणि एकेक फ्रेम बघत सरकले. शेवटी माझ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "पोरीचा तरी नीट काढायचा." आणि खिशातून मोबाईल काढून मित्राला फोन लावत गच्चीवर गेले. खाली ताईने गोणपाट सोडलं. डबे परत फळीवर चढवले. मी त्या दिवशी दोनदा जेवले आणि कुणी काही म्हणालं नाही.

मी त्या खोलीत लग्न होईपर्यंत राहिले. घराच्या जागी आता सात मजली इमारत आहे, आणि सगळ्या फ्रेमा चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, त्याच क्रमाने, एका भिंतीवर आहेत. हौसाबायच्या फोटोला हार आहे. रमाकांतशेठच्याही आहे. मागे मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या घरात मी आधी न पाहिलेली सून होती. चहा घेऊन आली, शेजारी बसली, आणि तिची लहान मुलगी भिंतीकडे बोट दाखवून एकेकाचं नाव विचारायला लागली. ही कोण, ही पणजी. हे कोण, हे आजोबा. मग माझ्या फोटोवर आली. तो अजून तसाच आहे, सगळा धूसर, कारण हौसाबायने नेम धरला तेव्हा लेन्सने माझा डावा कान पकडला, आणि तो मात्र केसांसकट अगदी स्वच्छ आला आहे.

"ही कोण?" पोरीने विचारलं.

सुनेने उठून जवळून पाहिलं. "असेल आपलीच कुठली तरी आत्या," ती म्हणाली, आणि मला विचारलं, "तुमी ओळखता का?"

मी म्हटलं, कानावरून सांगणं कठीण आहे. आणि अजून एक कप चहा मागितला.